खांबेटेकाकांची ह्युमिडिटी

आमच्या गल्लीत "काय उकडतंय हो!" असं म्हणायची सोय नाही. म्हणा खुशाल, पण आधी शेजारच्या व्हरांड्यात खांबेटेकाका बसलेले नाहीत ना, तेवढं बघून घ्या. असले तर संपलंच.

"थांब, वंदना. उकडतंय म्हणजे नेमकं काय? टेंपरेचर की ह्युमिडिटी?"

हातात दुधाची पिशवी, गॅसवर कुकर, आणि मी फाटकाशी परीक्षेला उभी! माधव नगरात इतकी घरं, पण असला शेजार आमच्याच नशिबी.

काका बँकेतून रिटायर झालेले. मूळचे गुहागरचे, नोकरीच्या निमित्ताने उज्जैनला आले आणि इथलेच झाले. पोहे-जलेबी आवडीने खातात, भाजीवाल्याशी इथल्या मालवी बोलीत भांडतात. पण ह्युमिडिटी हा शब्द कुणी वाटेल तसा वापरलेला त्यांना खपत नाही. एकदा भर मे महिन्यात, लूचे गरम वारे सुटलेले असताना, आमचे हे सहज बोलून गेले, "काका, फार ह्युमिड झालंय." काकांनी पेपर खाली ठेवला.

"मे महिन्यात? उज्जैनमध्ये? अहो, ओठ फुटतायत, पोरांच्या नाकाचा घोळणा फुटतोय, दोरीवरचा टॉवेल पापडासारखा वाजतोय, आणि तुम्हाला ह्युमिड? ही नुसती गर्मी! ह्युमिड म्हणजे हवेत पाण्याची वाफ. घाम येतो आणि जावयासारखा मुक्काम ठोकतो, हलतच नाही. इथले लोक उमस म्हणतात, ते ह्युमिड. समजलं?"

ह्यांना समजलं. त्या दिवसापासून हे हवेबद्दल घरात कुजबुजतच बोलतात.

दुसरा नियम असा की हा शब्द लावायचा तो फक्त हवेला. टॉवेल ओला असतो, भिंतीला ओल येते, मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतो. ह्युमिड असते ती हवा, दुसरं काही नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीचा यादव एकदा म्हणाला, "काका, सेव थोड़ी ह्युमिड हो गई है." झालं! काकांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, "यादवजी, सेव नरम पड़ती है. ह्युमिड हवा होती है." आता यादव स्वतःच लोकांना सुधारतो. लागण म्हणतात ती हीच.

आणि पावसाळ्यात तर काका गल्लीभर लोकांचे कूलर बंद करत फिरतात. माझ्या घरी सरळ आत येऊन बटण बंद केलं. म्हणाले, "कूलर हे कोरड्या हवेचं औषध आहे. उमस असताना कूलर लावणं म्हणजे जुलाबावर एरंडेल देणं!" मी जेवत होते हो!

हे सगळं मी हसून सोडून देत असे. एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग यायचा. शुभाकाकूंना ते बोलूच द्यायचे नाहीत.

काकू म्हणजे गरीब गाय. अलीकडे विसरायला लागल्या आहेत, चहात दोनदा साखर घालतात, माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. आम्हा गल्लीतल्यांना ते माहीत आहे. पण बाहेरून कुणी आलं आणि "काय काकू, कशा आहात?" म्हणालं, की काकू तोंड उघडायच्या आत काका सुरू: "आजची ह्युमिडिटी बघितलीत का?" मुलाच्या फोनवरही तेच. निखिल ठाण्याला असतो. "बाबा, आईला द्या ना," तो म्हणायचा. "देतो, पण आधी सांग, तिकडे किती टक्के आहे?" तिथून जे व्याख्यान सुरू व्हायचं ते "अरे, नेटवर्क गेलं वाटतं" इथे संपायचं. नेटवर्क कुठलं जातंय! मी भिंतीपलीकडून ऐकते ना. बिचाऱ्या बाईला दोन शब्द बोलू द्यायला काय जातं ह्या माणसाचं, असं वाटायचं.

निखिलचा आग्रह होता की दोघांनी हे घर विकून ठाण्याला यावं. काकांचं उत्तर ठरलेलं: "मुंबईची ह्युमिडिटी मला सोसणार नाही."

"बाबा, तुमचा जन्म गुहागरचा! समुद्र तुमच्या परसात होता!"

"तेव्हा मला ह्युमिडिटी माहीत नव्हती," काका म्हणायचे.

शेवटी श्रावणात निखिल स्वतः आला. सोमवार होता, महाकाळाच्या पालखीच्या सवारीमुळे रस्ते बंद, नानाखेड्याच्या बसस्टँडवरून पाठीवर बॅग घेऊन बिचारा चालत आला. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तसा त्या सगळ्यांच्याच पाठीवरून फिरवतात. "आई थकलीय," एवढंच तो म्हणाला.

दुपारनंतर मी उपासाची खिचडी द्यायला गेले तर बापलेकांची जुंपलेली. निखिलने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. ठाण्याच्या घरात, काकांच्या खोलीत, त्याने हवेतलं पाणी ओढून घेणारं मशीन बसवलं होतं.

"तुमच्या खोलीत आता पन्नास टक्के. उज्जैनपेक्षा कमी! आता बोला."

काका फोटोकडे बघत राहिले. "आवाज करत असेल," ते म्हणाले.

"अजिबात नाही."

"बिल फार येईल."

"मी भरीन. बाबा, घराला गिऱ्हाईक आलंय. उद्या 'हो' म्हणून टाकू?"

एवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. ते सताड उघडं होतं आणि काकू घरात नव्हत्या.

निखिल ताडकन उठला. "आई एकटी बाहेर गेली? बाबा, तुम्ही बसलात काय!"

"खाली बस," काका म्हणाले. "ती रोज जाते. येईल."

दुपारची ह्या वेळेला मी झोपलेली असते, मला ह्याचा पत्ताच नव्हता. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. थोड्या वेळाने कोपऱ्यावर काकू दिसल्या. जावेदभाई टेलरनी त्यांना डेअरीपर्यंत आणून सोडलं, तिथून यादव दुकान सोडून त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आला. "काका, काकी आ गईं," म्हणाला आणि परत गेला.

निखिलने आईला हात धरून खुर्चीत बसवलं. काका खुर्चीतून उठले नाहीत. खालच्या आवाजात बोलले, आणि त्यात ह्युमिडिटीचा ह नव्हता.

"हिला घर आठवत नाही, निखिल. पण गल्लीला ही आठवते. कोणीतरी आणून सोडतंच. तुझ्याकडे पंधरावा मजला. लिफ्टमधून ही उतरली तर कोण ओळखणार आहे हिला?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर नोकरी सोडून आला असतास. मी ओळखतो तुला. आणि फोनवर तिने 'कोण बोलतंय?' असं विचारलं असतं, तर ते तुला सोसलं नसतं."

मी खिचडीचा डबा हातात घेऊन तशीच उभी. ज्या बडबडीला मी इतकी वर्षं वैतागले, ती करून हा माणूस बायकोची लाज राखत होता, मुलाचं मन राखत होता. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.

निखिल चप्पल घालून निघाला. "जरा त्यांना भेटून येतो," म्हणाला. काकांनी मला खूण केली, म्हणून मीही बरोबर गेले. जावेदभाईंच्या दुकानात त्याने हात जोडले. "भाईसाहब, मैं शुभाजी का बेटा हूँ."

जावेदभाईंनी मशीन थांबवलं. "अरे, निखिल भैया! आपको कौन नहीं जानता? स्कूल की बस यहीं रुकती थी न? काकी रोज़ आपको लेने ही तो आती हैं. थोड़ी देर बैठती हैं. हम बोल देते हैं, आज छुट्टी है, कल आएगा. फिर घर छोड़ देते हैं."

निखिल तिथल्या बाकावर बसला. जावेदभाईंनी पाणी दिलं, ते त्याने हातात नुसतं धरून ठेवलं.

घरी आल्यावर त्याने मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. "बाबा, तुम्ही इथेच राहा. दर महिन्याला मी येईन. बसच्या वेळेला जावेदभाईंच्या दुकानापाशी उभा राहीन."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आकाश भरून आलं होतं, हवा अगदी कुंद, वारा पडलेला. एरवी हा माणूस त्यावर तासभर बोलला असता. आज मात्र त्यांनी खुर्ची काकूंच्या जवळ ओढली आणि आम्हा सगळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले.