केळ्यांचे खोके आणि समितीचे बूट

एखादा कार्यक्रम निर्विघ्न पार पाडायचा असेल तर तो माझ्याकडे सोपवा, असं मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. लोक सोपवतातही. पुढे काय होतं ते सोडा, पण सोपवतात!

मी गुनवोर. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या घरांच्या संग्रहालयाची देखभाल माझ्याकडे आहे. लाकडी घरं, ओंडका ओंडका सुटा करून डोंगरातून आणलेली आणि या टेकडीवर पुन्हा उभी केलेली. छपरांवर गवत, गवतात उन्हाळ्यात फुलं, आणि खाली किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी. यातलं फाटकाजवळचं घर तेवढं कुठून आणलेलं नाही. ते होतं तिथेच आहे, संग्रहालयच वाढत वाढत त्याच्या दारात येऊन थांबलं. ते घर येरमुंडकाकांचं.

येरमुंडकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बोर्गहिल्डकाकू गेल्यावर त्यांनी घर आतल्या सामानासकट संग्रहालयाला दिलं आणि स्वतः गावातल्या वृद्धनिवासात राहायला गेले. म्हणजे झोपायला गेले. सकाळ झाली की ते चालत आपल्या घरी येतात, चूल पेटवतात, कॉफी ठेवतात आणि खिडकीशी बसतात. पाहुणे त्यांना आम्ही पगारावर ठेवलेला नट समजतात. एक बाई तर त्यांचा स्वेटर चाचपून, वेशभूषा अगदी अस्सल आहे असं मला सांगून गेली. काकांनी तिलाही कॉफी दिली.

सगळं असं छान चाललं होतं आणि फ्रोडेने जमीन पाहिली.

फ्रोडे जुन्या वस्तूंच्या जतनातला तज्ज्ञ. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही वस्तूकडे तो डॉक्टरने रोग्याकडे बघावं तसा बघतो. काकूने आयुष्यभर वाळूने घासघासून पांढरी केलेली ती फळ्यांची जमीन. तिच्यावर तो भिंग घेऊन दिवसभर रांगला आणि उठून म्हणाला की पाहुण्यांच्या बुटांनी फळ्या झिजताहेत. उपाय एकच, दारात दोरी. लोकांनी उंबऱ्यावरून बघायचं, आत कुणीही जायचं नाही. कुणीही म्हणजे काकासुद्धा. आणि चूल तर मुळीच पेटवायची नाही.

शेवटचा निर्णय सरकारी समितीचा होता. समिती शनिवारी येऊन घर स्वतः बघणार होती. आमच्या देशात सरकारी माणूस शनिवारी कामाला निघतो म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते ओळखा.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चुलीत एक ढलपी सरकवली. मग म्हणाले, "मग कॉफी कुठे करायची?"

प्रश्न मला विचारला होता की चुलीला, ते कळलं नाही. वृद्धनिवासात कॉफी मिळते हो. यंत्रातून मिळते. बटण दाबलं की कपात पडते. पण ज्या माणसाने बायकोसमोर बसून त्या एकाच खिडकीतून उभा जन्म बाहेर बघितलं, त्याला बटण काय देणार?

आणि तेव्हाच मला योजना सुचली. इतकी साधी की माझं मलाच कौतुक वाटलं. आमच्याकडे कुणाच्या घरात कुणी बूट घालून पाऊल टाकत नाही. राजा आला तरी दारात वाकून नाड्या सोडील. मग संग्रहालयात शिरताना लोक बूट का काढत नाहीत? तर ते घर आहे हे त्यांना वाटतच नाही म्हणून! बूट बाहेर काढायला लावायचे, संपला प्रश्न. जमीन झिजायची नाही, दोरी लागायची नाही, आणि काकांची कॉफी चालू राहील. समितीच्या डोळ्यांदेखत गर्दी आत घ्यायची आणि फळीवर ओरखडा नाही हे दाखवून द्यायचं.

गर्दी हवी म्हणून मी आमचं महिला मंडळ बोलावलं. पर्यटकांसारख्या दिसा, एवढीच सूचना दिली होती. मंडळातली सोलफ्रिद आभाळ भरून आलेलं असताना काळा चष्मा लावून आली.

आता इथे बँडबद्दल सांगायला हवं. आमच्या खोऱ्यातला माणूस शाळेच्या बँडसाठी जन्मभर राबतो. आधी स्वतः तुतारी वाजवतो, मग मुलं वाजवतात, आणि त्या तुताऱ्यांच्या खर्चासाठी सगळं गाव वर्षातून एकदा आपलं जुनं सामान शाळेच्या व्यायामशाळेत मांडून एकमेकांनाच विकतं. सामान केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत भरायचं आणि फाटकाबाहेर ठेवायचं. बँडची गाडी येते, उचलून नेते. कुणी दार वाजवत नाही, कुणी काही विचारत नाही. बाजाराच्या दिवशी फाटकाशी केळ्यांचा खोका म्हणजे तो बँडचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

बाजार त्याच शनिवारी होता. गाडी चालवणाऱ्या रोआरला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की माझे जुने पडदे मी संग्रहालयाच्या फाटकापाशी खोक्यात ठेवीन, सकाळच्या शेवटच्या फेरीत घेऊन जा.

समिती वेळेवर आली. अध्यक्ष वेंकेबाई, उंच, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. बरोबर दोन सदस्य आणि फ्रोडे. मी दारातच हसतमुखाने बूट काढायची विनंती केली. वेंकेबाईंनी एक भुवई वर केली, पण वाकल्या. त्यांचे बूट डोंगर चढायचे होते, जाड चामड्याचे, तेलपाणी करून जपलेले. हे बूट नवऱ्याच्या आधीपासून आहेत, असं त्या म्हणाल्या. विनोद होता की माहिती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

आत चूल छान तापली होती. मंडळाच्या बायका पायमोज्यांत हळूहळू फिरत होत्या आणि जन्मात न पाहिल्यासारखं त्याच त्या चमच्यांना "अहाहा" म्हणत होत्या. मी वॉफल केले होते, वर आंबट साय आणि जॅम. काका खिडकीशी बसून होते. समितीच्या कपांत त्यांनी कॉफी ओतली.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. बूट पायरीवर उघडे! मी पायमोज्यांतच हळूच बाहेर सटकले. चुलीच्या ढलप्या आणायला दुकानातून घेतलेले केळ्यांचे खोके सरपणाशेजारी होते. त्यांत मी माझ्या लाल बुटांसकट सगळे बूट भराभर भरले. आता कोरडी जागा कुठे? फाटकाला लागून खांबांवर उभं असलेलं धान्याचं कोठार आहे, त्याच्या पोटाखाली पाऊस येत नाही. खोके तिथे नेऊन ठेवले, हात झटकले आणि प्रसंगावधान म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत आत आले.

थोड्या वेळाने खिडकीतून बँडची गाडी दिसली. रोआरने मला पाहून अंगठा वर केला. मीही केला. किती गुणी माणूस, पावसात पडदे न्यायला आला, असं माझ्या मनात आलं. पडदे माझ्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते हे मात्र आलं नाही.

समिती उठली. फ्रोडे जमिनीवर वाकून पुन्हा भिंगातून बघत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. मी मनात गुढी उभारायच्या बेतात... नाही, ते तुमच्याकडे. आमच्याकडे झेंडा. मी झेंडा चढवायच्या बेतात होते, तोच बाहेरून वेंकेबाईंचा आवाज आला.

"बूट कुठे आहेत?"

कोठाराखाली कोरडी जागा होती. अगदी स्वच्छ कोरडी. फाटकाशी चिखलात चाकांच्या खुणा होत्या आणि मला एकदम टेबलावरचे पडदे दिसले, घड्या घातलेले.

मी जे काय झालं ते सांगितलं. सांगताना माझा आवाज लहान लहान होत गेला. फ्रोडेच्या चेहऱ्यावर असा भाव होता की, बघा, म्हणून मी दोरी म्हणत होतो. मंडळाच्या बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या. सोलफ्रिदने चष्मा काढला. वेंकेबाई पातळ मोज्यांत ओल्या दगडावर उभ्या होत्या. काकांची कॉफी, खिडकी, चूल, सगळं मी स्वतःच्या हाताने खोक्यात भरून बँडला देऊन टाकलं, असं मला वाटलं. रडूच यायचं बाकी होतं.

तेव्हा काका उठले. भिंतीशी रंगवलेली पेटी आहे, तिचं झाकण त्यांनी उघडलं. आत काकूने विणलेले लोकरीचे जाड मोजे होते, जोड्याजोड्यांनी, प्रत्येक जोडीला फ्रोडेच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी बांधलेली.

फ्रोडे धावला. "काका, अहो, त्या नोंदवलेल्या वस्तू आहेत."

"मोजे आहेत," काका म्हणाले. "आणि बाईंचे पाय भिजलेत."

त्यांनी पहिली जोडी वेंकेबाईंच्या हातात दिली. मग सदस्यांना, मग मंडळाला. दर हिवाळ्यात काकू उरलेल्या लोकरीचे मोजे विणून ठेवायची, कुणाकुणासाठी ते ठरलेलं नसायचं. काकांनी शेवटची जोडी फ्रोडेसमोर धरली. "ती म्हणायची, आपल्या दारातून कुणी गार पायांनी जाता कामा नये. घाल."

फ्रोडेने घातले. चिठ्ठी तोडायचं धाडस त्याला झालं नाही, त्यामुळे चालताना ती त्याच्या घोट्याशी लोंबत होती.

शाळा टेकडीच्या पायथ्याशीच आहे. आम्ही सगळे मोज्यांत तिकडे निघालो. पुढे मी, मागे समिती, मागे मंडळ. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते आणि सभ्यपणे न बघितल्यासारखं करत होते.

व्यायामशाळेत तोबा गर्दी. आमचे बूट एका वेगळ्या टेबलावर मांडले होते म्हणे, आणि हातोहात खपले होते. इतके चांगले बूट बाजारात कधी आलेच नव्हते! रोआरने माझे दोन्ही हात धरून बँडच्या वतीने आभार मानले. मी त्याला सगळं सांगेपर्यंत तो हसत होता, मग त्याचा रंग उतरला.

फ्रोडेचे बूट तेवढे टेबलावर उरले होते. त्याने ते ओळखले, पण माझे आहेत म्हणून भांडणं त्याला जमेना; तोही आमच्याच मातीतला, लाजाळू. त्याने थोडे झिजलेत म्हणून भाव कमी होईल का ते विचारलं. टेबलामागची आजी म्हणाली, "आधीच्या मालकाला चालायची रीत नव्हती, त्याला मी काय करू?" फ्रोडेने मुकाट पूर्ण पैसे दिले.

वेंकेबाईंचे बूट वॉफलच्या रांगेत उभे होते. त्यांत एक तरुण मास्तर होता. वेंकेबाई त्याच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. मी श्वास धरून बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. शेवटी बोलल्या.

"बूट चांगले आहेत."

"आत्ताच मिळाले," तो खूश होऊन म्हणाला. "असे बसलेत पायात, जसे माझ्यासाठीच शिवले. नशीब माझं."

"तेल देत जा त्यांना," वेंकेबाई म्हणाल्या, आणि वॉफल घेऊन माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या. करड्या मोज्यांवर काकूने पांढऱ्या लोकरीची चांदणी काढली होती.

"माझ्या नोकरीत मी अशा पेट्या हजार पाहिल्या असतील," त्या म्हणाल्या. "उघडून कुणी काही दिलं नव्हतं." मग वॉफल खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "दारात दोरी असती तर हे मोजे पेटीतच राहिले असते. दोरी नको. चूलही चालू दे, फ्रोडे काय ती काळजी घेईल."

तिथे बाकावरच मला हुंदका फुटला. काकूचे उपकार, काकांचे, त्या पावसाचेसुद्धा. आणि रोआरचेही मानले मी, मनापासून. त्याने खोके वेळेवर उचलले नसते तर ती पेटी आजही बंदच असती.

"एक अट आहे," वेंकेबाई उठता उठता म्हणाल्या. "बुटांचं काम तुमच्याकडे नको."

ते काम आता काकांकडे आहे. छातीवर संग्रहालयाचा बिल्ला लावून ते दारातल्या बाकावर बसतात, आतल्या भिंतीशी केलेल्या फळ्यांवर एकेकाचे बूट लावतात, आणि ज्याचे पाय गार दिसतील त्याला आत चुलीजवळ बसवून कॉफी देतात. वेंकेबाईंनी मोजे परत पाठवले नाहीत. फ्रोडेने त्या जोडीपुढे "वापरात" अशी नोंद केली आहे.

माझे लाल बूट सोलफ्रिदच्या बहिणीने घेतले. दुकानात रोज दिसतात. मी त्यांची चौकशी करते, ती म्हणते, फार आरामदायक आहेत. बरं वाटतं ऐकून.

नवे घेतलेत मी. पण सकाळी दारात ते काढले की काका ते उचलतात आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतात, माझा हात पोचणार नाही इथे.