बोळातली छपाई

झाडे काकाजी कोणाच्याही घरी गेले की दार वाजवत नाहीत, भिंत वाजवतात. बेल असो, कडी असो, दार सताड उघडं असो, हा माणूस फाटकातून आत शिरला की आधी घराच्या बाजूला वळणार. मधलं बोट वाकवून भिंतीवर ठकठक करणार, कान लावणार, थोडं सरकून पुन्हा ठकठक. आतल्या माणसांना वाटतं घूस शिरली, ती काठी शोधायला लागतात. मग बाहेरून आवाज येतो, "इथी पोकळ हाय बरं का." यजमान दार उघडतो तो तोंड पाडूनच.

आम्ही पिपरी मेघेत नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. रविवार होता, मी शाळेचे पेपर तपासत बसले होते. ठकठक ऐकून बाहेर आले, तर पांढरा पायजमा घातलेले एक सडपातळ गृहस्थ माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उभे. मी विचारलं, "कोण पाहिजे?" त्यांनी कान न काढता हात वर केला आणि म्हणाले, "कोणी नाई, मॅडम. तुमी चालू द्या."

विटांच्या भिंतीवर सिमेंट-रेतीचा थर चढवतात त्याला पुण्या-मुंबईकडे प्लास्टर म्हणतात. आमच्याकडे ती छपाई. ती विटेला नीट धरली नसेल तर ठोकल्यावर पोकळ वाजते. काकाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिथून निवृत्त झाल्यावर कोणी देवाला लागतं, कोणी राजकारणाला; काकाजी छपाईला लागले. तीही बाहेरच्या. आतल्या छपाईत त्यांना रस नाही. "आतली आपल्यासाठी, बाहीरची जगासाठी," असं ते म्हणतात. आणि दिवसातून एकदा तरी हे म्हणतात: "विटेले लाज असते, मॅडम. तिले उघडी ठिवू नये."

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कुठेही छपाई सुरू झाली की काकाजी सकाळीच आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन हजर. भिंत आधी झाडली का, विटांच्या फटी खरवडल्या का, पाणी मारून विटा भिजवल्या का, सगळी चौकशी होते. रेती चाळून झाली की ढिगातली एक मूठ उचलून आवळतात आणि तळवा सगळ्यांना दाखवतात. "पाहा, हात मळला. रेतीत माती हाय." निम्म्या वेळा त्यांचा हात आधीच मळलेला असतो, पण हे त्यांना कोण सांगणार?

आमच्याकडची बहुतेक कामं सुखदेव मिस्त्री करतो. तो बांबू-फळ्यांच्या परांचीवर चढून घमेल्यातला माल थापीने भिंतीवर फेकायला लागला की खालून सूचना सुरू होतात. जाड झाला. पातळ झाला. पाटा तिरपा फिरव. एकदा सुखदेव वैतागून म्हणाला, "काकाजी, थापी माह्या हातात हाय का तुमच्या?"

"थापी तुह्या हातात हाय रे," काकाजी शांतपणे म्हणाले, "पण नजर माही हाय ना."

मुलीसाठी स्थळ बघायला ही मंडळी सिंदी रेल्वे नावाच्या गावी गेली होती, तो किस्सा काकाजींच्या पत्नी विमलकाकू स्वतःच सांगतात. आत पोहे चाललेत, मुलगा घाम पुसत प्रश्नांची उत्तरं देतोय, आणि वधूपित्याचा पत्ता नाही. हे घराला प्रदक्षिणा घालत होते. परत आले तर कोपराला भिंतीची धूळ. गाडीत बसल्यावर काकूंनी विचारलं, मुलगा कसा वाटला? काकाजी म्हणाले, "कोपरे सरळ हाय. देऊन टाकू." मुलीचा संसार नशिबानं चांगला झाला, त्यामुळे यांना आणखी चेव चढला. आष्टीला एका नातेवाइकाकडे सांत्वनाला गेले, तिथेही रडणाऱ्या घरमालकाचा हात हातात घेऊन म्हणाले, "जाणारा गेला, बावा. आता मागची भिंत जाऊ देऊ नको."

मला आधी या माणसाचा राग यायचा. मग हसू यायला लागलं. आणि त्यांच्या घराची ती भिंत दिसल्यावर तर मी टपूनच बसले.

एवढा छपाईचा भक्त, आणि त्याच्याच घराची एक अख्खी भिंत उघडी. समोरून घर देखणं, मागून देखणं, पण धाकट्या भावाच्या घराकडची बाजू नागड्या विटांची. पावसानं काळवंडलेल्या, फटींतून शेवाळ आलेल्या. मी एकदा मुद्दाम विचारलं, "काकाजी, इकडच्या विटांना लाज नसते का हो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला आणि तो चोळतच निघून गेले. खरं कारण मला काकूंनी सांगितलं.

बापाचा एक प्लॉट दोघा भावांनी वाटून घेतला. थोरल्यानं घर बांधलं, शेजारी धाकट्यानं, म्हणजे पुंडलिकरावांनी. दोन्ही घरांच्या मध्ये एक बोळ उरला, माणूस कसाबसा सरळ चालेल एवढा. बोळाकडच्या भिंतींची छपाई तेवढी दोघांचीही राहिली होती. म्हटलं, करू सावकाश. मग पुंडलिकरावांच्या घराची वास्तुशांती झाली. मांडव, पंगत, बायकोच्या माहेरची सगळी माणसं आलेली. आणि सासरे जिलबीचा घास तोंडात घालणार एवढ्यात काकाजींनी दर्शनी भिंतीवर ठकठक करून भर पंगतीत जाहीर केलं, "पुंडू, पोकळ हाय रे. मिस्त्रीनं गंडवलं तुले."

पुंडलिकराव वाढत होते. त्यांनी बुंदीचं ताट खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आजपासून माह्या भिंतीले हात लावजो नको."

झालं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. आता गंमत अशी, की बोळातल्या भिंतीची छपाई करायची तर परांची बांधावी लागते, आणि परांची अर्ध्या बोळात मावत नाही. बांबू रोवायचे तर भावाच्या हद्दीत रोवावे लागणार, आणि त्यासाठी भावाला विचारावं लागणार. भांडण मोठं नव्हतंच मुळी. काकाजींच्या तोंडून "चुकलो" निघत नव्हतं आणि पुंडलिकरावांच्या तोंडून "ये" निघत नव्हतं, एवढंच.

अशी वर्षं गेली. अडचण झाली ती काकूंची. त्या ज्या खोलीत झोपतात ती नेमकी त्या भिंतीला लागून. दर पावसाळ्यात भिंत आतून ओली व्हायची, रंगाचे पोपडे पलंगावर पडायचे आणि काकूंचा खोकला सुरू व्हायचा तो दिवाळीपर्यंत. मागच्या पावसाळ्यात तर दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. यंदा उन्हाळा सुरू होताच काकूंनी माझ्यादेखत नवऱ्याला सांगितलं, "मी लेकीकडं सिंदीले चालली. भिंत झाकली का निरोप देजा. नाई झाकली तं मी तिथीच बरी हाय." आणि खरंच पिशवी भरून गेल्या.

काकाजींना वाटलं, येईल चार दिवसांत. काकू आल्या नाहीत. मग त्यांनी भावाला न विचारता भिंत झाकायचे उद्योग सुरू केले. गच्चीवरून काळी ताडपत्री सोडली, ती वाऱ्यानं रात्रभर अशी फडफडली की सकाळी गल्लीतल्या चारजणांनी तक्रार केली. मग सुखदेवला बोलावून म्हणाले, गच्चीवरून दोरानं पाट सोडू, तू त्यावर बसून छपाई कर. सुखदेव भिंतीकडे बघून म्हणाला, "काकाजी, मी लटकून काम करतो, पण माह्या बायकोले तुमी सांगून या आधी." तोही बेत बारगळला.

एका संध्याकाळी काकाजी माझ्याकडे आले. दार वाजवून आले, तेव्हाच मी समजले, काहीतरी गंभीर आहे. चहा घेतला. म्हणाले, "मॅडम, घर खायले धावते हो. पोळ्या मी करून राह्यलो, त्यायचे नकाशे होते. ते जाऊ द्या. पण ती नाई तं कोणाशी बोलावं? भिंतीशी बोलतो मी, ते तं तुमाले माहीतच हाय." मग कप बाजूला सारला. "तुमी बोला ना पुंड्याशी. तुमचं आयकन तो."

मी शाळेत दिवसभर पोरांची भांडणं सोडवते. घरी आल्यावर म्हाताऱ्यांची सोडवायची माझी तयारी नव्हती. मी सांगितलं, "तुम्हीच बोला. मी सोबत येते फार तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्यांचं फाटक ते पुंडलिकरावांचं फाटक, मध्ये फक्त तो बोळ, पण काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फाटक उघडून आत गेलो आणि सवयीनं त्यांचा हात भिंतीकडे गेला. मी बघतच होते. भिंतीपासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि काकाजींनी तो पायजम्याच्या खिशात असा कोंबला की बाहेर निघेपर्यंत काढला नाही.

पुंडलिकराव ओसरीवर बसले होते. त्यांनी खुर्च्यांकडे बोट दाखवलं. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, मग चहा. मी उन्हाबद्दल बोलले, पुंडलिकराव कुलरबद्दल बोलले, काकाजी चहा फुंकत राहिले. चहा संपला, तेव्हा कप खाली ठेवत काकाजी भावाकडे न पाहता म्हणाले, "पुंडू, बांबू लावा लागते."

"कुठी?"

"बोळात."

"मंग लाव ना."

काकाजींनी मान वर केली. "तू नाई म्हटलं व्हतं."

"मी हात लावजो नको म्हटलं. बांबूचं कुठी म्हटलं?" पुंडलिकराव म्हणाले. मग त्यांचाच आवाज जरा घसरला. "माही भिंतबी उघडीच हाय, दादा. दर पावसाळ्यात मीबी बादल्याच लावून राह्यलो. मले वाटे, आज बांबू लावशीन, उद्या लावशीन. तू लावले का माहंबी होऊन जाईन."

काकाजी म्हणाले, "पंगतीत बोललो ते चुकलो मी."

"पोकळच व्हती ती भिंत," पुंडलिकराव म्हणाले. "मंग पडलाच तो थर. मी रातोरात दुरुस्त करून घेतला, तुले दिसू नये म्हणून."

सुखदेवनं बोळात परांची बांधली. बोळ अरुंद असल्यामुळे दोन भिंतींना एकच परांची पुरली. तोंड इकडे करून थोरल्याची भिंत छापायची, आणि त्याच फळीवर वळून धाकट्याची. विटांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून काढलं, फटी खरवडल्या, पाणी मारलं, आधी पातळ माल फेकला, तो धरल्यावर वरचा थर. दोघे भाऊ बोळाच्या दोन तोंडांशी खुर्च्या टाकून बसले. काकाजी भावाच्या भिंतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यासाठी त्यांना दिवसभर तोंडात खर्रा धरून ठेवावा लागला आणि संध्याकाळी जबडा दुखत होता, पण बोलले नाहीत. निरोप गेला, काकू परत आल्या.

छपाई झाली की काम संपत नाही. नवीन भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर ती तडकते. त्याला तराई म्हणतात. आता बोळात पाण्याचा पाइप घेऊन उभं राहावं तर सगळं अंगावरच येतं, म्हणून गच्चीवरून पाणी मारायचं ठरलं. आपल्या गच्चीवरून आपली भिंत काही भिजत नाही, समोरची भिजते. म्हणून थोरला धाकट्याच्या भिंतीला पाणी मारायला लागला आणि धाकटा थोरल्याच्या. उन्हं उतरली की दोघे आपापल्या गच्चीवर, हातात पाइप, मध्ये बोळ. "त्या कोपऱ्यात मार रे, सुकून राह्यला." "मारतो, दादा. तू खिडकीच्या वरतं मार."

आठवड्यात तराई संपते. यांची संपेना. सुखदेव येऊन सांगून गेला, बस झालं, भिंत पक्की झाली. तरी रोज संध्याकाळी हे दोघे गच्चीवर. ऐन मे महिना, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हे भिंती धूत बसलेले. माझा पारा चढला. एका संध्याकाळी मी तणतणत काकाजींचा जिना चढले. म्हटलं, आज सांगतेच.

वरच्या पायरीवर पोचले आणि थांबले. दोघे नेहमीच्या जागी उभे होते, पाइप एकमेकांच्या भिंतीकडे धरून. लहानपणी आपण आंब्यावरून पडलो तेव्हा दादानं पाठीवर घेऊन वैद्याकडे कसं नेलं, ते पुंडलिकराव सांगत होते, आणि काकाजी "अबे, मी नाई, तो बाजूचा गडी व्हता" म्हणत मान हलवून हसत होते. पाइप मात्र भावाच्या भिंतीवरून हलला नव्हता.

त्या दिवशी नळाला पाणीच आलं नव्हतं. दोन्ही पाइप कोरडे होते.

मी चप्पल हातात घेतली आणि आवाज न करता खाली उतरले.