शांततेचे अकरा नियम

ज्याला गाता येते त्याला गाणे कळत नाही, आणि ज्याला ते कळते त्याला सहसा गाता येत नाही. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत माणसाला सुखरूप नेऊन पोचवायला चार वर्षे लागतात. या प्रवासाला संगीताची पदवी म्हणतात.

ओहायोतल्या विल्कॉट कॉलेजात ही सोय फार चांगली आहे. कॉलेज लहान. विद्यार्थी नऊशे, खारी त्याहून थोड्या जास्त. संगीत विभागात प्राध्यापक चार, विद्यार्थी वीस आणि पियानो अकरा (पैकी सुरात तीन, त्यातल्या एकाच्या खोलीची किल्ली सापडत नाही). इथे नुसते गाणे शिकवून मोकळे होत नाहीत, माणूस सर्वांगाने घडवतात. त्यामुळे जेरलिन ट्रॉटर ही मुलगी गाणे शिकायला आली तेव्हा पहिल्या वर्षी तिला भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र आणि पोहण्याची परीक्षा द्यावी लागली. गायिकेला पोहता का यावे, असे तिने विचारल्यावर कचेरीतल्या बाईंनी सांगितले की आजवर असे कोणी विचारले नव्हते.

जेरलिन मिसिसिपीतल्या टिपलर्स बेंड गावची. तिचे वडील रेव्हरंड क्लिओटस ट्रॉटर तिथल्या लहानशा चर्चमध्ये प्रवचन करीत. प्रवचन बोलण्याने सुरू होई. अर्ध्या वाटेवर शब्दांना लय येई, पाऊण वाटेवर सूर, आणि शेवटी रेव्हरंड गात आहेत की गाणेच रेव्हरंडना घेऊन चालले आहे हे ठरवायला कोणी शुद्धीवर नसे. मात्र हे एकट्याचे काम नव्हते. प्रत्येक ओळीला बाकांवरून हुंकार यावा लागे. पहिल्या बाकावर युझेलआजी बसत. पांढरे हातमोजे घालून बावन्न वर्षे त्या हुंकार देत आल्या होत्या. त्यांनी "अस्सं!" म्हटले की ओळ पास. त्या गप्प राहिल्या तर प्रवचनकार घाम पुसून पुन्हा सुरुवात करी. सहाव्या वर्षापासून जेरलिन या बाकासमोर गात आली होती, आणि तेव्हा तिला गाण्यातले काहीच कळत नव्हते.

विल्कॉटमध्ये कळू लागले. सत्राच्या शेवटी तीन परीक्षक समोर बसून कागदावर शेरे लिहीत. पहिल्या वर्षी गायनाचे प्राध्यापक डॉ. हॅल्वर्सन यांनी लिहिले, "आवाजात भावना आहे. कमी करावी." दुसऱ्या वर्षी, "भावना आटोक्यात." तिसऱ्या वर्षी, "उत्तम. आता काहीही जाणवत नाही."

शिवाय हजेरीचे कार्ड होते. दर सत्रात चौदा मैफली ऐकायच्या आणि बाहेर पडताना कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. जेरलिनने अशा अठ्ठ्याण्णव मैफली ऐकल्या (जागेपणी एकतीस). विभागाच्या पाहणीनुसार विद्यार्थ्याच्या मैफलीला सरासरी एकोणीस श्रोते असतात. सतरा शिक्क्यासाठी येतात, एकाकडे सभागृहाची किल्ली असते, आणि उरलेला जानेवारीत उबेला येतो.

तिसऱ्या वर्षी जेरलिनने वडिलांच्या प्रवचनावर एक्केचाळीस पानांचा प्रबंध लिहिला. निष्कर्ष असा, की वक्त्याचा कल स्वराकडे आहे. प्रबंधाला पहिली श्रेणी मिळाली. सुट्टीत घरी गेल्यावर रविवारी प्रवचन रंगात आले आणि रेव्हरंडनी लेकीला गाण्यात सामील व्हायची खूण केली. ती उठून त्यांच्या कानाशी गेली.

"बाबा, तुम्ही कुठल्या पट्टीत आहात?"

"मी प्रभूच्या कृपेत आहे, बाळा. पट्टी त्या पियानोवाल्याला विचार."

पण प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. वर त्यांनी प्रबंधही वाचला. पुढच्या रविवारी ऐन रंगात ते थबकले, आपण आत्ता कोठे आहोत याचा विचार करू लागले, आणि उरलेली वीस मिनिटे सरळ गद्यात बोलले. मंडळींनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. जेरलिननेही केली, कारण दुखण्याचे मूळ तिला ठाऊक होते.

चौथ्या वर्षी पदवीची मैफल आली. तासभर एकटीने गायचे, तेही पाठ. यात नापास तर पदवी नाही, आणि टिपलर्स बेंडच्या त्या चर्चमधून कोणालाच अजून पदवी मिळालेली नव्हती. तेव्हा अख्खे चर्च बसमध्ये बसून ओहायोला यायला निघाले. माणसे येणार याचा जेरलिनला आनंद होता. माणसे हुंकार देतील याची धास्ती होती. एका ओळीवर कोणी "अस्सं!" म्हणाले तर हॅल्वर्सनांच्या कागदावर काय उमटेल, या विचाराने तिची झोप उडाली. तिने चर्चला पत्र लिहिले. त्यात अकरा नियम होते. मध्ये टाळी वाजवू नये. आमेन म्हणू नये. पायाने ठेका धरू नये. डोलायचेच झाल्यास मनात डोलावे. सातवा नियम कॉलेजचाच होता, तो तिने खाली रेघ मारून लिहिला: गायकाला कोणीही कसलीही मदत केल्यास मैफल बाद.

पोर शिकलेली, म्हणजे बरोबरच सांगत असणार, असे मानून चर्चने शांततेचा सराव सुरू केला. डीकन बिल्युप्स म्हणजे चर्चचे कारभारी. ते घड्याळ घेऊन उभे राहत. पहिल्या रविवारी मंडळी चाळीस सेकंद टिकली. दुसऱ्या रविवारी चार मिनिटे. तिसऱ्या रविवारी रेव्हरंडनी अख्खे प्रवचन पूर्ण शांततेत केले आणि घरी जाऊन दोन दिवस अंथरुणाला खिळले. युझेलआजींनी यावर तोडगा काढला होता. त्या जिभेखाली पेपरमिंटची गोळी धरीत.

एप्रिलच्या एका शनिवारी त्रेचाळीस माणसे, सहा डबे तळलेले चिकन आणि चार केक बारा तासांचा प्रवास करून विल्कॉटला पोचले. केक आणि चिकन बसमध्येच थांबले (नियम नऊ). माणसे टोप्या, कोट, हातमोजे नीटनेटके करून सभागृहात बसली, आणि प्रत्येकाच्या हातात त्या पत्राची नक्कल होती.

जेरलिनने आधी इटालियन गाणी म्हटली. शांतता. मग जर्मन. शांतता. मग फ्रेंच, ज्यात शांतता मुळातच जास्त असते. डॉ. हॅल्वर्सन मान हलवून लिहीत होते. असा श्रोतृवर्ग त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. कोणी खोकलेसुद्धा नाही. पण जेरलिन गाण्यागणिक पहिल्या रांगेकडे बघत होती. ती कितीही शिकली तरी तिच्या पाठीच्या कण्याला एकच गोष्ट माहीत होती, की युझेलआजी गप्प आहेत म्हणजे आपले गाणे पडले. आणि समोर त्रेचाळीस माणसे, तिच्यावर जीव ओवाळून टाकणारी, तिच्याच आज्ञेवरून दगडासारखी बसली होती.

शेवटी प्रथेप्रमाणे चर्चमधले जुने गाणे होते (तोवर जे जागे राहतील त्यांना बक्षीस म्हणून). हे तिला सहाव्या वर्षापासून पाठ. पहिले कडवे झाले, आणि दुसऱ्याच्या तोंडाशी शब्द डोक्यातून गेले. सगळे गेले. पियानोवाल्याने दोनदा सुरावट फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. डॉ. हॅल्वर्सन यांचे पेन कागदावर टेकले. रेव्हरंड ओठ घट्ट मिटून सातव्या नियमाखालची रेघ बघत बसले. डीकन बिल्युप्स यांनी सवयीने घड्याळ काढले.

तेव्हा युझेलआजींनी तोंडातली गोळी काढली, रुमालात नीट गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, आणि पर्स बंद केली.

"सावकाश, पोरी," त्या म्हणाल्या. "आम्हाला कुठं जायचं नाहीये."

त्यांच्या चर्चमध्ये कोणीही गाताना अडखळले की हेच म्हणतात. मागून डीकन हळूच म्हणाले, "घे की लेकी." कोणीतरी पायाने ठेका धरला (नियम तीन). जेरलिनने डोळे मिटले, आणि गाणे आले. शब्दांनी नंतर त्याला गाठले. कार्यक्रमपत्रिकेत दोन कडवी छापली होती, तिने पाच म्हटली, आणि प्रत्येक ओळीला बाकांवरून उत्तर आले. चौथ्या कडव्यात रेव्हरंड ट्रॉटर उभे राहून लेकीबरोबर गाऊ लागले, आणि कुठल्या पट्टीत ते कोणी विचारले नाही. शिक्क्यासाठी आलेला एक विद्यार्थी दचकून जागा झाला आणि रडू लागला. आपण कशासाठी रडतो आहोत हे त्याला वर्गात शिकवलेले नव्हते.

परीक्षक शेजारच्या खोलीत चाळीस मिनिटे बसले. मदत झाली होती, हे उघड होते. शेवटी डॉ. हॅल्वर्सन यांनी मुद्दा मांडला: वृद्ध बाईंनी गायिकेला सूर सांगितला काय? नाही. शब्द? नाही. ताल? नाही. ज्या अर्थी संगीताशी संबंधित असे काहीही पुरवले गेले नाही, त्या अर्थी मदत झाली नाही. पास. शेऱ्यात त्यांनी लिहिले, "भावना आढळली. कोठून आली याचा तपास व्हावा." (लिहिताना ते सारखे चष्मा पुसत होते, असे किल्लीवाल्याचे म्हणणे.)

तपास झाला. पुढच्या वर्षीपासून विल्कॉटमध्ये 'श्रोत्यांचा प्रतिसाद: पद्धती आणि सराव' हा नवा विषय सुरू झाला. जेरलिनने तो शिकवायला युझेलआजींचे नाव सुचवले. बावन्न वर्षांचा अनुभव मान्य झाला, परंतु पदवी नसल्याने त्यांना नमुना म्हणून बोलावण्यात आले. आजी हातमोजे घालून वर्गात गेल्या. बारा मुले वह्या उघडून बसली होती. प्राध्यापकांनी आजींना प्रतिसाद देऊन दाखवण्याची विनंती केली.

आजींनी वर्गभर नजर फिरवली. "देते की बाळा. पण आधी कोणीतरी गा ना."

मुलांनी हे वाक्य लिहून घेतले.

जेरलिनची पदवी आता टिपलर्स बेंडच्या चर्चमध्ये पंख्याच्या बटणाशेजारी टांगलेली आहे. रविवारी ती वडिलांबरोबर गाते. पहिल्या दोन ओळी अजून पदवीधरासारख्या येतात. मग पहिल्या बाकावरून "सावकाश, पोरी" येते, आणि शिक्षण हळूहळू उतरते.

आणि वाचकहो, आपणही इथवर आलात. मध्ये हुंकार दिला नाहीत, पायाने ठेका धरला नाहीत, मान डोललीच असेल तर मनात. गाणारी मुलगी तोंडावर पडत होती तेव्हादेखील आपण ब्र काढला नाहीत. अकराच्या अकरा नियम पाळल्याबद्दल आपल्या कार्डावर शिक्का मारण्यात येत आहे.

(झोपलेल्यांनाही हाच मिळतो.)