रेघ खाली का जाते

गाडी लेट का झाली, हे मी कॅसलरॉकच्या फलाटावर उभ्या उभ्या सांगायचो. सारा जन्म रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलून देणारा पॉइंट्समन म्हणून काढला. घाटात दरड पडली की लोंढा जंक्शनला इंजीन अडलं, हे मला नुसत्या शिट्टीवरून कळायचं. त्यामुळे माझी लेक देवकी जेव्हा म्हणाली, "आबा, विक्री मधेच खाली का येते तेच कळत न्हाई," तेव्हा मी मिशीला हात लावला आणि सांगितलं, "आठ दिवस दे मला. कारण काढून तुझ्या हातात ठेवतो!"

आषाढात शकुंतला, माझी बायको, गेली. मी एकटा पडू नये म्हणून बेळगावला कॉम्प्युटर शिकलेली देवकी रामनगरला परत आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने सॉफ्टवेअरचं दुकान मांडलं. दुकानदार, गिरणीवाले यांच्यासाठी बिलं करायचा प्रोग्रॅम ती लिहायची आणि फ्लॉपीवर घालून विकायची. आमच्याकडे कॉम्प्युटर तेव्हा मोजकेच, पण ज्याच्याकडे होता तो त्याला देव्हाऱ्यासारखा जपायचा. प्रोग्रॅम घेणारा नारळ घेऊनच यायचा. आमच्या कॉम्प्युटरपुढे नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, मगच फ्लॉपी उचलायची. एकाने तर फ्लॉपीलाच हळदकुंकू लावलं. ती पुढे चालली नाही, पण सौभाग्यवती दिसत होती!

भिंतीवर देवकीने विक्रीचा आलेख लावला होता. रेघ एका आठवड्यात घाट चढायची, दुसऱ्या आठवड्यात थेट दूधसागरच्या धबधब्यात उडी.

"दिवाळीपर्यंत असंच चाललं तर मी बंगळूरला नोकरी धरते," ती म्हणाली. "तुम्हीबी चला."

मी बंगळूरला काय करणार? आणि ती एकटी गेली तर या घरात बोलायला उरतं कोण? भांडी?

मी कामाला लागलो. पहिला संशय विजेवर. पण वीज रोजच जायची, आणि विक्री काही रोज पडत नव्हती. मग वाटलं, गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणायला दारात कुणी नाही. तेव्हा मीच सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो.

आणि काय सांगू, माणसं आली की! लांबून लांबून आली. प्रत्येक जण माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला, वहिनी लई चांगल्या होत्या म्हणाला, चहा प्याला, डोळे पुसले आणि गेला. आठवडाभरात चहापत्ती संपली, फ्लॉपी एकही खपली नाही. मी अनुमान काढलं, की लोकांना ओढ आहे, दोष प्रोग्रॅममध्ये असणार. हे मी देवकीला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी लखूच्या भातगिरणीवर गेलो. प्रोग्रॅम घेणार म्हणून हा गडी महिनाभर सांगत होता. मी दारात दिसताच त्याने गिरणी बंद केली. रेडिओ बंद केला. हमाल पोती खाली ठेवून माना खाली घालून उभे राहिले. मी विचारलं, प्रोग्रॅमचं काय झालं? तर म्हणाला, "ते काय पळून जातंय, आबा? तुम्ही आधी दोन घास खावा." जेवायला घातलं आणि वर पोह्यांची पिशवी देऊन स्कूटरवरून घरी सोडलं. आणखी दोन-तीन गिऱ्हाइकांकडे गेलो. सगळीकडे तेच. संध्याकाळी देवकीने विचारलं, "किती खपले?" मी म्हटलं, "पोहे, फणसाचे पापड आणि एक कोंबडा मिळाला."

हात टेकले आणि उळवीला देवाकडे गेलो. दोन दिवसांनी परत येऊन बघतो तर दुकानात करवंट्यांचा ढीग, पेढ्यांना मुंग्या आणि रेघ पुन्हा घाटमाथ्यावर! देव पावला, याच्यापरतं दुसरं कारण काय असणार? मी कपाळाला विभूती लावून, गंभीर चेहऱ्याने पुन्हा दारात बसलो. रेघ दूधसागरात.

म्हटलं, देवाला पुन्हा आठवण करून द्यावी. पिशवी घेऊन निघालो, पण उळवीची बस आलीच नाही. तासाभराने माघारी आलो. कोपऱ्यावर शेजारची गिरजाक्का गिऱ्हाइकांना हाक मारत होती, "या या, आबा उळवीला गेल्यात!"

आत लखू उभा. मला बघताच त्याने नारळ पाठीमागे लपवला.

"लखू, काय हाय हातात?"

"काय न्हाई, आबा."

"गोल दिसतंय."

शेवटी गिरजाक्काच बोलली. "अरे बाबा, ज्याची बायको आत्ता गेली त्याच्यापुढं नारळ फोडून पेढे कुणी वाटायचे? माणसं घ्यायलाच येत्यात. तू दारात तोंड पाडून बसलेला दिसतोस, मग तुला धीर देऊन जात्यात. वरीस होऊ दे म्हणत्यात."

देवकी आलेखाकडे बघत होती. रेघ जेव्हा जेव्हा चढली होती, तेव्हा मी एकतर कॅसलरॉकला जुन्या सोबत्यांकडे मुक्कामाला होतो, नाहीतर उळवीला. "आबा," ती हळूच म्हणाली, "कारण सापडलं. खुर्चीत बसलं होतं."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. प्रोग्रॅम चांगला होता, माणसंही चांगली होती. जरा जास्तच चांगली होती!

मी लखूकडून नारळ घेतला आणि उंबऱ्यावर स्वतः फोडला. "शकुंतला असती तर म्हणाली असती, फोडा लवकर, चटणीला खोबरं न्हाई." लखू आधी बिचकला, मग हसला. मग मीही हसलो. आषाढापासून पहिल्यांदाच. देवकीने पदराने डोळे पुसले आणि पेढा माझ्या तोंडात कोंबला. त्यानंतर बंगळूरचं नाव घरात निघालं नाही.

तेव्हापासून मी दारात बसतो, येईल त्याला हसून बोलावतो. रेघ सरळ चढत चालली. गिरजाक्का मात्र म्हणाली, "लई हसू नको."

मी ऐकलं नाही. गेल्या आठवड्यात खानापूरचे एक पाहुणे पेढे आणि नारळ घेऊन आले. मी आनंदाने ओरडलो, "देवकी, गिऱ्हाईक!"

त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. ते माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते.

हल्ली मी बेतानेच हसतो.