राखणीच्या दोन आठळ्या

एका जंगलात पैसा अजून पोचला नव्हता, मुलांनो, म्हणून तिथले रहिवासी फणसाच्या आठळ्या साठवत. ज्याच्याकडे आठळ्या जास्त तो शहाणा, असं तिथे मानत. जंगल मागासलेलं होतं, पण अगदीच नव्हतं.

खरी आठळी वर्षभरही टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. मागे बसलेल्या मुलीने हात खाली करावा. ही गुंतवणुकीची गोष्ट आहे. तिच्यात न टिकणाऱ्या वस्तूच दीर्घ मुदतीसाठी ठेवतात.

तर त्या जंगलात गिरजाबाई नावाची एक शेकरू राहत असे. तिच्या नवऱ्याला मोरघारीने उचलून नेलं होतं. मागे राहिली दोन पिल्लं आणि दोघांनी मिळून वेचलेल्या शंभर आठळ्या. त्या तिने एका ऐनाच्या झाडाच्या मुळाशी पुरल्या होत्या. रोज संध्याकाळी ती तिथे जाई, माती हुंगे आणि घरी येऊन झोपे. तिला झोप चांगली लागत असे.

एकदा ती अशीच माती हुंगत असताना वरून आवाज आला.

"पुरून ठेवलेली आठळी वाढत नाही, बाई."

वर फांदीवर धनेश बसला होता. धनेश हा मोठा पक्षी. त्याची चोच लांब असते आणि त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग असतं. त्यामुळे तो काहीही बोलला तरी विचार करून बोलल्यासारखा दिसतो. हे धनेशराव घाटापलीकडच्या जंगलातून आले होते. तिथल्या लोकांच्या आठळ्यांचं त्यांनी काय केलं, हे कोणी विचारलं नाही. इतक्या लांबून आलेल्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही.

"कधीकधी उगवते की," गिरजाबाई म्हणाली.

"उगवणं वेगळं," धनेशराव म्हणाले, "आणि वाढ वेगळी."

गिरजाबाईला फरक कळला नाही. आपल्याला कळला नाही म्हणजे तो मोठाच असणार, असं तिला वाटलं.

आठवड्याभरात धनेशरावांनी मोठ्या उंबराखाली सभा बोलावली. ससे आले, साळिंदरं आली, माकडं आली. गिरजाबाई पिल्लांना घेऊन आली. तिच्या शेजारी भिवा बसला होता. भिवा म्हणजे तिच्याच झाडाच्या बुंध्यात राहणारं उदमांजर. स्वभावाने तिरकस, पण शेजाराला चांगला.

धनेशरावांनी योजना समजावून सांगितली. आपापल्या आठळ्या त्यांच्याकडे द्यायच्या. काही ते नदीपलीकडच्या उत्तम जमिनीत लावतील, काही एका ढोलीत जपून ठेवतील. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकायचं, तीन पावसाळे उघडायचं नाही. त्यांच्या बाईसाहेब स्वतः आत बसून राखण करतील. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवायची.

"आणि तुम्हाला काय द्यायचं?" भिवाने विचारलं.

"अगदी थोडं. शंभरामागे वर्षाला दोन आठळ्या, राखणीच्या. आणि वाढ झाली, तर वाढीतला पाचवा हिस्सा. म्हणजे तुमचा फायदा तोच माझा फायदा."

"आणि घट झाली तर?"

"घट झाली तर मी तुमच्या दुःखात सहभागी होईन," धनेशराव म्हणाले.

सशांना हे फार आवडलं. आजवर त्यांच्या दुःखात कोणी सहभागी झालं नव्हतं.

"दुःखातला पाचवा हिस्सा घेणार का?" भिवाने विचारलं.

धनेशरावांनी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. "आपल्याकडे किती आठळ्या आहेत?"

"साठ."

"मग आपण हा विचार करू नये. शंभरापेक्षा कमी मी घेत नाही. ही योजना सगळ्यांसाठी नाही."

हे ऐकताच सभेत हालचाल सुरू झाली. जी योजना सगळ्यांसाठी नाही ती आपल्यासाठी आहे, हे प्रत्येकाला एकाच वेळी कळलं. दोन साळिंदरांनी तर शंभर भरावेत म्हणून तिथल्या तिथे एकमेकांशी लग्न केलं.

गिरजाबाईने पिल्लांकडे पाहिलं. मोठं आता उडी मारायला शिकत होतं, धाकटं अजून शेपटीला धरून असे. यांना पुढे काही तरी हवं, असं तिच्या मनात आलं. तिने शंभरच्या शंभर आठळ्या उकरून आणल्या आणि ओल्या चिखलात पंजा उमटवून करार केला. त्या संध्याकाळी ती सवयीने ऐनाखाली गेली. हुंगण्यासारखं काही नव्हतं, तरी माती हुंगून परत आली.

पहिल्या वर्षी पाऊस चांगला झाला. जंगलातला प्रत्येक फणस लगडला. धनेशरावांनी पुन्हा सभा बोलावली. या वेळी सभेला उंबरं होती, पिकलेली, पानांवर मांडलेली.

"गिरजाबाई, तुमच्या साठ आठळ्या नदीपलीकडे लावल्या. त्यांची रोपं झाली," ते म्हणाले. "रोप म्हणजे उद्याचं झाड आणि झाड म्हणजे परवाचे फणस. मी फार धरत नाही. तुमच्या शंभराचे एकशेचाळीस झाले, असं धरू."

"कोणी धरू?" भिवाने मागून विचारलं. त्याला सभेत बसायची परवानगी नव्हती, म्हणून तो बुंध्याआडून ऐकत होता.

"मी धरतो. त्याचाच मला मोबदला मिळतो."

वाढ चाळीसची, तिचा पाचवा हिस्सा आठ. राखणीच्या दोन. अशा दहा आठळ्या धनेशरावांनी ढोलीच्या फटीतून काढून घेतल्या.

"वाढ रोपांत झाली ना?" गिरजाबाईने भीत भीत विचारलं. "मग हिस्सा आठळ्यांत कसा?"

"बाई, रोपं उपटली तर वाढ थांबेल. तुमच्याच हिताचं बघतो मी."

गिरजाबाई ओशाळली. आपल्या हिताचं आपल्यालाच सुचलं नाही, याचं तिला वाईट वाटलं. घरी परतताना भिवा म्हणाला, "वहिनी, यंदा सगळ्याच फणसांना फळ धरलंय. न सांगता."

"भाऊजी, तुमच्याकडे शंभर नाहीत म्हणून तुम्ही असं बोलता."

भिवा पुढे निघून गेला. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या वर्षी गव्यांचा कळप नदीपलीकडून गेला. गवे काही वाईट मनाने गेले नव्हते, त्यांना पाण्यावर जायचं होतं. पण रोपं राहिली नाहीत. त्यातच फणसांना कीड लागली आणि पावसाळा संपता संपेना. खायला काही उरलं नाही. गिरजाबाई साली कुरतडून दिवस काढू लागली. धाकट्याचं अंग तापायला लागलं, आणि ते शेपटी धरायचंही सोडून नुसतं पडून राहू लागलं.

तेव्हा गिरजाबाई ढोलीपाशी गेली. फटीतून बाईसाहेबांची चोच बाहेर आली.

"साहेब बाहेरगावी आहेत."

"मला थोड्या आठळ्या हव्या होत्या. माझ्याच."

"मुदत झाली नाही ना अजून. आधी मोडायच्या तर निम्म्या कापून मिळतील. तेही साहेब आल्यावर."

"साहेब कधी येतील?"

"मुदत झाली की."

गिरजाबाईने फटीला डोळा लावला. आत अंधारात आठळ्यांचा ढीग दिसत होता. त्यावर बाईसाहेब बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काही तरी गुबगुबीत हलत होतं.

"बघा, बघा," बाईसाहेब म्हणाल्या. "बघण्याचं आम्ही काही घेत नाही."

मुलांनो, शेकरूचे दात फार बळकट असतात. त्या चिखलाला भोक पाडायला तिला घटकाभरही वेळ लागला नसता. तिने दात लावूनही पाहिले. मग तिला चिखलात उमटवलेला आपला पंजा आठवला. शब्द दिला तो दिला, असं तिला लहानपणी कोणी तरी शिकवलं होतं. असल्या शिकवणीने केवढं नुकसान होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ती दात पुसून घरी आली.

घरी आली तेव्हा दाराशी तीस आठळ्या ठेवलेल्या होत्या. भिवा बुंध्यात पाठ करून बसला होता.

"भाऊजी, या तुमच्या."

"माझ्या साठ होत्या. मला एकट्याला साठ काय करायच्या?"

"तुम्हाला परत कधी देऊ?"

"मी राखण घेत नाही आणि हिस्साही घेत नाही, वहिनी. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही पोराला खायला घाला."

त्या तिसांवर तिघांनी पावसाळा काढला. धाकटं वाचलं. पुढे ते आईपेक्षा लांब उडी मारायला लागलं.

त्या वर्षीच्या सभेला मात्र धनेशराव बाहेरगावहून वेळेवर आले, आणि गंभीर होते. त्यांनी वाढ संपल्याचं सांगितलं आणि राखणीच्या दोन आठळ्या घेतल्या.

"गेल्या वर्षीच्या वाढीवर आठ घेतल्या होत्या," गिरजाबाई म्हणाली. "ती वाढ तर गेली."

"गेल्या वर्षीची वाढ गेल्या वर्षी खरी होती," धनेशराव म्हणाले, आणि ठरल्याप्रमाणे दुःखात सहभागी झाले. ते बराच वेळ मान खाली घालून बसले. सशांना गहिवरून आलं.

तिसरा पावसाळा सरला तेव्हा ढोली फोडण्यात आली. आत बाईसाहेब एकट्या गेल्या होत्या. बाहेर तिघं आली. दोन्ही पिल्लं इतकी तब्येतीने होती की ढोलीचं तोंड दोनदा मोठं करावं लागलं. गिरजाबाईच्या हाती तेवीस आठळ्या पडल्या.

"तेवीस?" ती म्हणाली.

धनेशरावांनी शांतपणे हिशोब सांगितला. साठ गव्यांनी तुडवल्या. आठ हिश्शाच्या. तिन्ही वर्षांच्या राखणीच्या सहा. आणि तीन चिखलाच्या व सभेतल्या उंबरांच्या. एकही आठळी चोरीला गेली नव्हती. गिरजाबाईने पुन्हा पुन्हा बेरीज केली, ती दर वेळी बरोबर आली. चोरी असती तर वाघाकडे तक्रार तरी करता आली असती.

पुढच्याच महिन्यात धनेशरावांनी दुसऱ्या ढोलीची घोषणा केली. उंबराखाली पूर्वीपेक्षा मोठी सभा भरली. धनेशरावांनी गिरजाबाईला निरोप धाडला की जुन्या सभासद म्हणून आपण दोन शब्द बोलावेत. गिरजाबाईने ठरवलं की सगळं खरं सांगायचं. रात्रभर वाक्यं जुळवून ती सकाळी उंबराच्या फांदीवर उभी राहिली.

"मी शंभर दिल्या," ती म्हणाली. "मला तेवीस मिळाल्या. माझं पोर तापाने पडलं होतं तेव्हा मला एकही मिळाली नाही. मी फटीतून बघून परत आले. तुम्ही देऊ नका."

धनेशराव उठले. त्यांनी तिला मध्येच अडवलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्याकडे काहीही लपवलं जात नाही."

मग एका माकडाने टाळी वाजवली. इतकं स्पष्ट बोलू देणारा माणूस लबाड कसा असेल, असं ते शेजाऱ्याला म्हणालं. साळिंदरांचं म्हणणं पडलं की पहिल्या ढोलीत चुका होणारच, आता यांच्याजवळ अनुभव आहे. धनेशरावांनीही तेच सांगितलं, आणि अनुभवामुळे राखण दोनाऐवजी अडीच राहील असं जाहीर केलं. ओल्या चिखलापाशी रांग लागली.

गिरजाबाई फांदीवरून खाली आली. रांगेत तिला भिवा दिसला. त्याने पाठीवर मोठं गाठोडं घेतलं होतं.

"भाऊजी, तुम्ही?"

"शंभर झाल्या," भिवा म्हणाला. "तीन वर्षं वेचत होतो."

"अहो, तुम्हीच तर म्हणत होता. घट झाली तर काय, कोणी धरू, सगळं तुम्हीच विचारलंत. मी आत्ता सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. सगळं पटलं." भिवाने गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "पण वहिनी, मी काही शहाणा म्हणून बाहेर राहिलो नव्हतो. मला घेतलं नव्हतं, म्हणून राहिलो होतो."

रांग पुढे सरकली. भिवा पुढे झाला आणि त्याने चिखलात पंजा ठेवला. तो ठेवताना त्याचे डोळे भरून आले होते.

तात्पर्य: तळे राखील तो पाणी चाखील, हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवलं आहे. तळं ज्याचं असेल त्याने तहान लागल्यास काठावर बसून पाणी पाहावं, कारण पाहणं फुकट असतं. आणि तळं आटल्यावर कुरकुर न करता लगेच दुसरं खणायला घ्यावं. राखणदार ताटकळला आहे.