लांबनं हाण, मर्दा!

मंगळवार पेठेतले आमचे शेजारी अण्णा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावून बघत. फ्रिज, नळ, कुणाची स्कूटर. एकदा तर लग्नात नवरदेवाने पुढे केलेला हातसुद्धा. विजेच्या खात्यात तीस वर्षं लाइनमन होते. "सरळ हातानं धरलं तर करंट सोडत न्हाय," हे त्यांनी अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं.

कॉलेजात असताना माझा पाय मोडला आणि सगळा उन्हाळा प्लास्टरमध्ये गेला. सोबतीला एक व्हिडिओ गेम. आपण पाळलेल्या राक्षसांची दुसऱ्यांच्या राक्षसांशी झुंज लावायची. अण्णा रोज दुपारी चहाला म्हणून येत आणि माझे वस्ताद होऊन बसत.

गेममधली एक गोष्ट त्यांना फार पटली. काही हल्ले लांबून करायचे, म्हणजे आग ओकणं, दगड फेकणं. काही अंगाला भिडून, म्हणजे चावा किंवा धडक. पण काही राक्षसांच्या अंगातच वीज असे. त्यांना भिडलात की तुमचाच राक्षस लुळा पडायचा.

"ह्यो गेम काढणारा आमच्याच खात्यातला असणार बघ!" अण्णा ओरडले. तेव्हापासून मला चावायला बंदी. समोर गोगलगाय आली तरी एकच हुकूम, "लांबनं हाण, मर्दा! शिवू नगंस!" कंटाळून मी एकदा धडक दिली, तर दोन दिवस रुसले. चहा मात्र आईकडून घरी मागवून घेतला.

शेवटची झुंज जोडीची होती. समोरच्या विजेच्या राक्षसाने आमच्या एकाला विळखा घातला. दुसरा बाजूला उभा. "दगड टाकतो," मी म्हणालो.

"माज्या जोडीचा दत्तू असाच चिकटलावता," अण्णा हळूच म्हणाले. "गडहिंग्लजकडं, डीपीला. म्या हात न्हाय लावला. बांबू शोधाय पळालतो."

"बरोबरच केलंत की अण्णा. दोघंही गेला असतात."

"व्हय. सायब बी तेच म्हणाले. त्याची बायको बी तेच म्हणाली."

त्यांनी माझ्या हातातून गेम घेतला आणि चाव्याचं बटण स्वतः दाबलं. आमचा राक्षस भिडला, थरथरला, जोडीदाराशेजारीच कोसळला. आम्ही हरलो.

अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. "ह्येंला दवाखान्यात कसं न्यायचं?"

मी गेममधल्या दवाखान्याचं बटण दाखवलं, त्यांनी दाबलं. दोघंही हळूहळू उभे राहिले.

"उठली व्हय दोघं?"

"उठली, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"परत एकदा दाखीव की," ते म्हणाले.