मास्तरांचा घरगुती मुखवटा

"हलायचं नाही," असं प्लास्टरमास्तरांनी आरशातल्या स्वतःला बजावलं आणि चौथी पट्टी बादलीत बुडवली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मोठ्या दवाखान्यात हाडं मोडलेल्यांना प्लास्टर घालायचं काम ते अठ्ठावीस वर्षं करत होते. त्यांच्या हातचं प्लास्टर मुदतीआधी कधी फुटलं नव्हतं आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. आज अडीचच्या गाडीनं त्यांना बायकोबरोबर जुन्या शहरातल्या मुखवट्यांच्या उत्सवाला जायचं होतं. तिथल्या मोठ्या चौकात मुखवट्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. बाईंनी नवऱ्यासाठी दुकानातून एकामागून एक तीन मुखवटे आणून पाहिले आणि तिन्ही मास्तरांच्या नाकावर अडले. नाक त्यांना देवानं सढळ हातानं दिलं होतं. शेवटी मास्तर म्हणाले, "हजारो हातपाय बांधले मी. एक तोंड नाही बांधता येणार?"

एखादी गोष्ट फार चांगली येणाऱ्या माणसाला ती कुठे करू नये हे कोणी सांगायचं? आणि सांगितलं तरी तो ऐकतो थोडाच.

आता बाईंचं. बाई टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायच्या. एकोणीस वर्षांपूर्वी पत्ता पुसट झालेलं एक चित्राचं कार्ड त्यांच्या टेबलावर आलं. दगडी चौक, वर खिडक्याच खिडक्या आणि खाली नुसते मुखवटे. कार्ड त्यांनी नियमाप्रमाणे पुढे पाठवलं, पण ते चित्र काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून दर वर्षी त्या जायचं ठरवत आणि दर वर्षी नेमकं त्याच आठवड्यात कोणीतरी पडत असे. कधी गवंड्याचा खांदा, कधी शिडीवरून घसरलेल्या रंगाऱ्याच्या दोन्ही टाचा, एकदा तर खुद्द मोठ्या डॉक्टरांचं मनगट. दवाखान्यातून निरोप यायचा, मास्तर शर्ट चढवायचे आणि बाई एक शब्द न बोलता बॅग रिकामी करायच्या. भांडल्या असत्या तर मास्तरांना परवडलं असतं. ते न बोलणं त्यांना फार लागायचं.

यंदा मात्र बाईंनी कंबर कसली होती. सगळा बेत त्यांनी चौदा लिफाफ्यांत घालून ओळीनं लावला होता. पहिल्या लिफाफ्यात कुलूप, गॅस, खिडक्या. चौथ्यात तिकिटं. नवव्यात राहायच्या खोलीचा पत्ता. अकराव्यावर लिहिलं होतं, 'अडचण आल्यास'. स्वतःचा मुखवटा त्यांनी रद्दी कागदाच्या लगद्यापासून तीन महिने खपून केला होता आणि त्याला सोनेरी रंग दिला होता.

इकडे मास्तरांनी तोंडाला व्हॅसलिन फासलं, डोळे, नाकपुड्या आणि ओठ तेवढे मोकळे ठेवले आणि कामाला लागले. त्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गाल, कपाळ, हनुवटी सगळीकडे व्हॅसलिन गेलं, फक्त मिशीला गेलं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या एकाही पायाला मिशी नव्हती. दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. ओली पट्टी हातात आली की मास्तरांचा हात आपोआप गोल फिरतो. कपाळावरून निघालेली पट्टी कानावरून मागे गेली, मागून दुसऱ्या कानावरून पुढे आली, मग हनुवटीखालून टाळूवर चढली. मास्तर तंद्रीत होते. शेवटी त्यांनी कडा नीट दुमडल्या आणि दवाखान्यात करतात तसं पेन घेऊन गालावर आजची तारीख घातली.

दहा मिनिटांनी त्यांनी मुखवटा ओढून पाहिला. मुखवट्याबरोबर सगळं डोकं पुढे आलं.

पाऊण वाजता बाई अर्धी रजा टाकून घरी आल्या. खुर्चीवर एक पांढरं डोकं बसलं होतं.

"अहो, झाला की छान. काढा आता, बॅगेत ठेवते."

मास्तरांनी पायानं बादली खुर्चीखाली सरकवली.

"अहो, काढा म्हणते मी."

"त्याचं काय आहे," मास्तर ओठांच्या फटीतून म्हणाले, "तो पूर्ण झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मागूनपण."

बाईंनी त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग पर्स खुंटीला लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कात्री, ब्रेडची सुरी आणि उलथणं घेऊन आल्या. कात्रीचं टोक वाकलं. सुरीनं पांढरी पूड तेवढी पडली. कढत पाण्याची फडकी ठेवून झाली.

"पाण्यानं नाही सुटत माझं प्लास्टर," मास्तर म्हणाले. त्या आवाजातलं कौतुक ऐकून बाईंनी उलथणं आधी खाली ठेवलं. हातात असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावलं. त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं.

"करवतीनं निघेल. जाडी किती?"

"दोन बोटं असेल."

"डोकं धरून?"

"सोडून."

"मग मला नका सांगू," सुतार म्हणाला. "लाकडात आत कोणी बसलेलं नसतं."

तो गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "दवाखान्यात यंत्र आहे. दहा मिनिटांत कापून देतील."

"दवाखान्यात पाऊल टाकलंत की संपलं. जोडून सुट्टी आलीय, लोक पडायला लागले असतील. तुम्हाला बघितलं की एकाचा पाय धरायला देतील, मग दुसऱ्याचा. अठरा वेळा बघितलंय मी."

"दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात?"

"तिथे आधी एक्स-रे काढा म्हणतात, मग डॉक्टर जेवायला गेलेत म्हणतात, मग उद्या या म्हणतात. तुम्हीच सांगता ना हे पेशंटना?"

ते खरं होतं. मास्तरांनी मान खाली घातली, म्हणजे घालायचा प्रयत्न केला.

बाईंनी अकरावा लिफाफा फोडला. आत एकच चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'तरीही जायचं.'

"शर्ट बदला," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पुढून बटणांचा घाला."

गाडीत मास्तरांना पाहून एका गृहस्थांनी लगेच खिडकीची जागा दिली. समोरच्या आजीबाईंचा जीव कळवळला.

"फार लागलं का हो यांना?"

बाईंना खोटं बोलायचं वावडं. "लागलं नाही काही. त्यांनी स्वतःच घातलंय ते घरी बसून."

आजीबाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून बाईंच्या हातात ठेवला. "तुम्ही खा," त्या म्हणाल्या. "करणाऱ्याचे हाल कोणी विचारत नाही."

तिकीट तपासनीस आला आणि त्यानं ओळखपत्र मागितलं. फोटो एकदा पाहिला, प्लास्टर एकदा पाहिलं.

"हे तेच कशावरून?"

"नाकावरून," बाई म्हणाल्या.

त्यानं फोटो प्लास्टरच्या बाजूला धरला. नाकाशी नाक तंतोतंत जुळत होतं. तो ओळखपत्र परत देऊन पुढे गेला. मास्तरांना आपल्या कामाचं पुन्हा एकदा बरं वाटलं, पण बाईंची नजर बघून त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

जुन्या शहरात उतरले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अरुंद दगडी गल्ल्यांतून मुखवटे घातलेली माणसं चौकाकडे चालली होती. कोणी हसऱ्या तोंडाचं, कोणी रडव्या, कोणी चोचीचं. बाईंनी आपला सोनेरी मुखवटा बांधला आणि त्यांची चाल एकदम विशीतली झाली. चौकाच्या कमानीखाली एक जाडजूड दारवान उभा होता. त्यानं बाईंना आत जायची खूण केली आणि मास्तरांपुढे हात आडवा धरला.

"पेशंटला आत सोडत नाही. धक्काबुक्की होते."

"पेशंट नाहीत ते," बाई म्हणाल्या. "मुखवटा आहे तो."

"बाई, बावीस वर्षं मी मुखवटे बघतोय. हे प्लास्टर आहे. तारीख आहे त्यावर."

"प्लास्टरचा मुखवटा आहे."

"मग वर करून दाखवा."

मास्तर म्हणाले, "तेवढं सोडून बोला."

"हे बघा काका," दारवान समजुतीनं म्हणाला, "आमचा नियम साधा आहे. तोंड हौसेनं झाकलेलं पाहिजे. दुखापतीनं झाकलेलं चालत नाही."

"मी हौसेनंच घातलंय."

"मग काढताही हौसेनंच आलं पाहिजे."

दारवानानं दोघांना कमानीशेजारच्या प्रथमोपचाराच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथल्या नर्सबाईंनी प्लास्टरवरून हात फिरवला.

"कोणी घातलंय हो? कडा काय सुरेख दुमडल्यात."

मास्तर आत लाल झाले असावेत. पण कापायचं यंत्र तिथे नव्हतं. उद्या सकाळी शहराच्या दवाखान्यात जावं लागेल, असं नर्सबाई म्हणाल्या. बाहेर घंटा झाली. मिरवणूक अर्ध्या तासात निघणार होती आणि त्यानंतर कमानीचं दार बंद होणार होतं.

"तू जा," मास्तर म्हणाले. "मी बसतो इथे. आल्यावर सगळं सांग मला. खरंच जा. माझ्यामुळे यंदाही नको."

बाईंनी मुखवटा काढून मांडीवर ठेवला.

"एकटीनं जायचं असतं तर पहिल्याच वर्षी गेले असते," त्या म्हणाल्या. "गाडी काय मला सापडत नव्हती? अठरा वेळा बॅग भरली आणि अठरा वेळा रिकामी केली ती कशासाठी? तुमच्याबरोबर बघायचं होतं मला. तुम्हाला कधी कळलंच नाही ते."

आतून ओलं झालं तर खाज सुटेल, या भीतीनं मास्तरांनी रडणं आवरलं. पेशंटना ते स्वतःच तसं बजावत असत.

बाईंनी मास्तरांच्या पांढऱ्या डोक्यावर बोटानं टकटक केलं. मग त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "प्लास्टरच्या पट्ट्या आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत की. या दगडांवर रोज दोन तरी घोटे मुरगळतात."

बाई उठल्या आणि मास्तरांसमोरच्या स्टुलावर ताठ बसल्या. "मला घाला."

"अगं, वेड लागलं का?"

"एकाचंच असलं की अपघात वाटतो. दोघांचं सारखं असलं की ठरवून केलंय हे आंधळ्यालाही कळेल. घाला लवकर."

"बरं, पुढून घालतो. मागून मोकळं ठेवू."

"मागूनपण. तुमच्यासारखंच. फरक दिसला तर तो दारवान पुन्हा नियम सांगत बसेल."

नर्सबाईंनी पाणी आणलं. मास्तरांनी या वेळी आधी सगळीकडे कापूस लावला, अंबाडासुद्धा सोडला नाही. त्यांचे हात झरझर चालत होते. बाहेर ढोल वाजायला लागले, बाई घाई करत होत्या आणि मास्तर सांगत होते, "हलू नकोस. बोलू नकोस. नाकानं श्वास घे." लग्नानंतर इतका वेळ बाई त्यांचं ऐकून गप्प बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सोनेरी मुखवटा नर्सबाईंच्या टेबलावरच राहिला.

कमानीचं दार लोटायला दारवानानं हात घातला होता, तेवढ्यात समोरून दोन पांढरी डोकी हातात हात घालून आली. त्यानं एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. पुन्हा पहिल्याकडे पाहिलं.

"दोघांना एकदम? आणि सारखंच?"

"हो," बाई म्हणाल्या.

"हे सोंग कसलं म्हणायचं?"

"नवरा-बायकोचं."

दारवान पोट धरून हसला आणि बाजूला झाला. त्यांच्यामागे दार बंद झालं.

चौकात पाय ठेवताच बाई थबकल्या. मास्तरांना वाटलं, भरून आलं असेल. समोर केवढा तरी मुखवट्यांचा लोंढा सरकत होता आणि ढोलांनी छातीत धडधडत होतं. त्यांनी बाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "मग? मनासारखं आहे ना सगळं?"

"अहो," बाई म्हणाल्या, "डोळ्यांची भोकं लहान झालीत. मघाशी दिसत होतं, आता वाळताना पट्टी आत सरकली. मला तुमचा खांदा दिसतोय. तोही अर्धाच."

"अरे देवा. चल, बाहेर जाऊ, मी नीट करतो."

"आत आलेय ती मी आता बाहेर जात नाही. दार बंद झालंय. तुम्हाला दिसतंय ना? मग तुम्ही सांगा."

मास्तरांनी घसा साफ केला. असं काही सांगायची त्यांना सवय नव्हती.

"समोरून एक उंच बाई येतेय. डाव्या पायावर भार देत नाही. जुनं दुखणं असणार."

"मुखवटा सांगा."

"मुखवटा होय. निळा आहे. त्यावर चांदीचे मासे काढलेत. बारीक बारीक, गालावरून कानाकडे पोहत चाललेत. तिच्यामागे एक लांब चोचीचा आहे, त्याची उद्या मान धरणार."

"अहो."

"बरं. चोच तांबडी आहे. टोकाला घुंगरू बांधलंय, तो मान हलवतो तसं वाजतं. ते ऐकू येतंय का?"

"येतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांचा दंड घट्ट धरला. "सावकाश सांगा. सगळ्यांचं सांगा."

मास्तर सांगत राहिले. तोंडांकडे इतकं लक्ष देऊन त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, पण हळूहळू ते जमायला लागलं. पिसांचा, आरशांच्या तुकड्यांचा, अर्धा काळा अर्धा पांढरा, असा एकेक मुखवटा ते बाईंच्या कानाशी लावत गेले. मग सांगता सांगता ते थांबले.

"काय झालं? आता काय दिसतंय?"

"आता सगळे थांबलेत," मास्तर म्हणाले. "आपल्याकडेच बघतायत."

"मग नीट उभे राहा," बाई म्हणाल्या. "पोक काढू नका."